वेलीवरची लुगडी

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांनी कधी विचारलं नाही.

लोक विचारतात ते वेगळंच. थंडी सुरू झाली की आंदर मावळात नव्यानं घरं बांधलेली पुण्या-मुंबईची माणसं टाकव्याला माझ्या फाटकाशी गाडी थांबवतात. त्यांच्या बागा एका रात्रीत काळ्या पडलेल्या असतात. आमची बाग ओढ्याकाठच्या खोलगट जागेत आहे, सगळ्यांत आधी गारठते, तरी हिरवी असते. हे कसं, असं ते विचारतात.

मी सांगतो. दुपारी चारच्या आत झाडांच्या बुडाशी पाणी द्या, ओली माती रात्रभर ऊब धरते. ऊन कलायच्या आधी वरून सुती कापड घाला. ते फांद्यांवर दाबू नका, काठ्या रोवून जमिनीपर्यंत सोडा. प्लास्टिक नको, ते पानाला जिथं चिकटतं तिथं पान मरतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला ओलसर पाल्याचा धूर करा. सकाळी पानांवर पांढरं दिसलं तर ऊन लागायच्या आत साधं पाणी मारा. आणि काळं पडलेलं काहीही चैत्रापर्यंत कापू नका, मुळाशी जीव असतो. लोक मोबाइलवर टिपून घेतात. एकदा एका बाईंनी माझा व्हिडिओ काढला. त्यात मी "आम्ही असं करतो" असं तीनदा म्हणालो आहे.

यातलं काहीही मी शोधलेलं नाही. हे सगळं मावशींचं.

मावशी म्हणजे आमच्या कुंपणाला लागून असलेल्या भातखाचराच्या मालकीण. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या. त्यांचं घर बौद्ध वस्तीत, आमचं मूळचं गावठाणात, जमीनवाल्यांत. मी तळेगावच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो आणि ओढ्याकाठच्या आमच्या तुकड्यावर घर बांधलं. लहानपणी याच खाचरावरून मी शाळेत गेलो होतो, पण मावशींशी पहिल्यांदा नीट बोललो तो साठी ओलांडल्यावर.

त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या बायकोनं सगळी बाग प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली होती. सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "वहिनी, झाडांना रेनकोट घातला काय? पाऊस कुटं हाय?"

बायको ओशाळली. मावशी तारेखालून वाकून आत आल्या, एक कागद उचलून त्यांनी खालचं करपलेलं पान दाखवलं आणि म्हणाल्या, थंडी ओढ्यानं येते, पाण्यासारखी उताराला लागते आणि तुमच्या दारात साचते. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊ, येवढी जागा सोडून थंडीच्या डबक्यात घर बांदलंत. कारखान्यात हेच शिकवत्यात व्हय?"

त्या दिवसापासून त्या दोघींचं जमलं. माझी बायको शिकलेली, कमी बोलणारी. मावशी तोंडाच्या फटकळ. रोज दुपारी काम उरकलं की मावशी येऊन बसायच्या. चंची सोडायच्या, चुना-कात त्यांचा आणि पान आमच्या वेलीचं. दोन पानं, रोज.

त्या वेलीबद्दल सांगायला हवं. आईच्या माघारी मी गावातून नागवेलीची दोन कांडी तेवढी आणली आणि धुण्याच्या दगडाजवळच्या पांगाऱ्याच्या बुडाशी लावली. आईचे त्या वेलीचे नियम होते. अंघोळ केल्याशिवाय पान खुडायचं नाही, चपला घालून जवळ जायचं नाही, दिवस मावळल्यावर हात लावायचा नाही. बायकोनं त्यातले अर्धे नियम सोडले आणि वेल दुपटीनं वाढवली. गावातल्या पूजेला, साखरपुड्याला आमची पानं जायची. बागेत दुसरी शंभर झाडं होती, पण बायको आधी वेलीकडं बघायची. नागवेल थंडीला फार हळवी. एक रात्र चुकली की गेली. त्यामुळं वारा पडला की मावशी आणि ती, दोघी मिळून तिला पांघरूण घालायच्या.

पहिल्यांदा बायकोनं स्वतःच्या जुन्या साड्या काढल्या. मावशींनी त्या बोटांत धरून चोळून बघितल्या आणि परत दिल्या. म्हणाल्या, "ह्या निस्त्या मिरवायच्या. थंडीला सुती लागतं." आणि घरून आपली चार जुनी नऊवारी लुगडी घेऊन आल्या. धुऊन धुऊन मऊ झालेली. एक हिरवं होतं, एक चॉकलेटी, बाकी दोन्हींचे रंग ओळखू येत नव्हते. पांगाऱ्याभोवती चार बांबू रोवून ती वरून खालपर्यंत सोडली की वेल आत बसायची. मग दर हिवाळ्याला हेच. लुगडी मावशींची, पण थंडीभर आमच्याकडं असायची.

त्या वर्षी गणपतीनंतर बायको शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा नीट उभी राहिली नाही. मी तिची खाट खिडकीशी लावली, वेल दिसेल अशी. तिथून ती बागेचे हुकूम सोडायची आणि मावशी आणि मी ते पाळायचो. मावशी आता आत न येता खिडकीच्या बाहेर, ओट्यावर बसायच्या, म्हणजे दोघींची तोंडं एका उंचीवर यायची. बायकोला त्या दिवसांत दोनच गोष्टी हव्या होत्या. वेलीनं हिवाळा काढावा आणि दुपारी मावशी याव्यात. तिनं मला हे सांगितलंही होतं, हसत. मी तिसऱ्या नंबरवर आहे असं म्हणाली होती.

तो दिवस पौषातला. सकाळी माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, पुण्याहून फोन आला. वहिनीला बघायला येते, दोन दिवस राहते, मुलगा संध्याकाळी सोडून जाईल.

अक्का म्हणजे आमच्या आईचीच प्रत. ती आली की आधी वेलीपाशी जायची, नमस्कार करायची, पाच पानं खुडायची आणि मगच घरात शिरायची. आईची वेल आहे, म्हणायची. तिला सोवळं-ओवळं अजून लागायचं आणि त्याबद्दल ती आवाज चढवून बोलायची.

दुपारी बायको औषध घेऊन झोपली होती. मी अंगणात आलो आणि वेलीकडं बघितलं. चारही बाजूंनी मावशींची लुगडी. गावातल्या कुठल्याही माणसानं ओळखली असती. अक्का विचारणार, ही कुणाची. मी सांगणार. मग ती काय म्हणणार, हे मला शब्दाशब्दानं माहीत होतं.

मी मावशींकडं चहा प्यायचो. त्यांच्या घरी जेवलोही होतो. त्यामुळं मला वाटायचं, आपण यातून सुटलो आहोत. त्या दुपारी कळलं, सुटलो नव्हतो. अक्काशी भांडण नको, आजाऱ्याच्या घरात आरडाओरड नको, असं स्वतःला सांगत मी चारही लुगडी सोडली, पोत्यात कोंबली आणि पोतं पाण्याच्या टाकीमागं ठेवलं. कपाटातून आमच्या दोन चादरी काढून पडवीतल्या खुर्चीवर टाकल्या. अक्का घरात गेली की त्या वेलीवर घालू, असं ठरवलं होतं.

अक्का आली. वेलीला नमस्कार केला, पानं खुडली. पण घरात न जाता पडवीत, वेलीसमोरच बसली. वापरलेल्या चादरी तिच्यादेखत आईच्या वेलीवर घालायचं मला धाडस होईना. चहा झाला. घरातल्या सगळ्यांची चौकशी झाली. तेवढ्यात वारा पडला. डोंगर एकदम जवळ आल्यासारखा दिसायला लागला. ही खूण मला मावशींनीच शिकवली होती.

मावशी त्यांच्या खाचरात होत्या. त्यांनी कुंपणाजवळ येऊन हाक मारली. "भाऊ, येलीवरचं काडलं का?"

मी म्हणालो, "घालतोय मावशी. चादरी घालतोय."

"आत्ता घाला. वारा मेलाय बगा."

मी मान हलवली. अक्कानं विचारलं, कोण ही? मी म्हणालो, शेजारच्या आहेत, थंडीचं सांगतायत. एवढं सरळ वाक्य मला तेव्हा आलं. दुपारी लुगड्यांबद्दलही तेवढंच पुरलं असतं.

थोड्या वेळानं वरच्या अंगानं धूर यायला लागला. मावळात भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात. त्यासाठी लोक हिवाळाभर पालापाचोळा, शेण, पेंढा, तोडलेल्या डहाळ्या रचून ठेवतात. त्याला राब म्हणतात. राब म्हणजे पुढच्या वर्षाचं भात, त्याला कुणी मधेच काडी लावत नाही. मावशी त्यांच्या राबाच्या ढिगातून भारे ओढून ओढ्याच्या काठावर टाकत होत्या, वरून पाणी शिंपडत होत्या आणि धूर आमच्या बागेवर सोडत होत्या. मला ते दिसत होतं. अक्काला ठसका लागला म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या, बायकोच्या खाटेजवळचीही; ती अजून औषधाच्या गुंगीतच होती.

मग आत जेवणं झाली, अक्कानं आईच्या गोष्टी काढल्या, बायकोही बऱ्याच दिवसांनी हसली. बाहेर गारठा वाढला होता. अक्का समोर असताना चादरी घेऊन जायचं तर "आता दिवेलागणीनंतर वेलीला हात लावतोस?" असं तिनं म्हटलं असतं. थोड्या वेळानं जाऊ, असं म्हणत बसलो आणि बसल्या बसल्या डोळा लागला.

सकाळी ओढ्याकाठचं गवत पांढरं होतं. मी बादली घेऊन धावलो तेव्हा ऊन वेलीच्या शेंड्याला लागलं होतं. पानं आधी काचेसारखी दिसत होती. माझ्या डोळ्यांदेखत ती उकडल्यासारखी होऊन लोंबली. बाकी बागेचं थोडंफार गेलं होतं, शेंडे गेले होते, पण धुरानं बरंच राखलं होतं. ओढ्याकडच्या अंगाला एकटी वेल उघडी होती, ती सगळी गेली.

अक्का मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "आईची वेल. हिला कुणाचा हात लागला?"

मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचा तिनं तिला हवा तो अर्थ घेतला. मी तो घेऊ दिला.

तेवढ्यात खिडकीतून बायकोची हाक आली. "अहो, लुगडी कुठं आहेत?"

एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला खिडकी. मी म्हणालो, "मावशींनी नेली. काल संध्याकाळी."

"नेली? का?"

"काय माहीत. लागत असतील."

मी आधी ठरवून बोललो नव्हतो. तोंडात आलं ते बोललो. पण नंतर जे केलं ते ठरवून केलं. अक्का पूजेला बसली तेव्हा मी टाकीमागचं पोतं उचललं आणि मावशींच्या बांधावर नेऊन ठेवलं. हाक मारली नाही, ठेवून आलो. मावशींनी ती लुगडी धुतली आणि त्यांच्या कुंपणावर वाळत घातली. दवानं आणि मातीनं माखली होती, कुणीही धुतलीच असती. खाटेवरून ते कुंपण दिसायचं. बायको दुपारभर त्या चार लुगड्यांकडं बघत होती. 

अक्का असेपर्यंत मावशी आल्या नाहीत. पाहुणे असले की त्या यायच्या नाहीत, हे मला इतकी वर्षं दिसत होतं आणि का ते मी कधी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अक्का गेली आणि दुपारी मावशी ओट्यावर येऊन बसल्या. चंची काढली, पण सोडली नाही. पान कुठलं देणार.

मी चहाचे कप घेऊन दारात आलो होतो. बायको म्हणाली, "मावशी, लुगडी लागत होती तर एक शब्द टाकायचा होता. माझ्या अंगावरचं पांघरूण काढून दिलं असतं हो मी."

 इतकं लागेल असं ती कुणाला बोलल्याचं मी आधी ऐकलं नव्हतं.

मावशींनी वळून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. सकाळी आभाळाकडं बघून अंदाज घेतात तसं. मला वाटलं, आता त्या बोलतील. खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, त्यांनी बोलावं. 

मग त्या बायकोकडं वळल्या आणि म्हणाल्या, "व्हय वहिनी. माजंच चुकलं."

उठल्या, चंची कमरेला खोचली. मला म्हणाल्या, "च्या ऱ्हाऊ द्या, भाऊ." आणि तारेखालून वाकून निघून गेल्या.

त्यांनी असं का केलं, याचा मी आठ वर्षं विचार करतोय. खाटेवर पडलेल्या बाईला खोटं बोलणाऱ्या नवऱ्याबरोबर एका घरात दिवस काढायला लावायचं नाही, असं त्यांना वाटलं असेल. वाटलं असेल, हिला धक्का नको. किंवा त्यांनी दोन गोष्टींचं वजन केलं असेल, आपला शब्द आणि माझा शब्द, आणि कुणाचा खरा धरला जाईल हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवानं ठाऊक असेल. यातलं काय खरं, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेऊन वेल उपटायला गेलो. ती काळी जाळी खिडकीसमोर लोंबत होती आणि ती तिथं असेपर्यंत त्या सकाळची आठवण निघत राहणार होती. बायको आतून म्हणाली, मावशी म्हणाल्या होत्या चैत्रापर्यंत हात लावायचा नाही.

मी म्हणालो, "त्यांचं काय ऐकतेस."

माझ्या तोंडून निघालेल्या सगळ्या वाक्यांतलं हे एक मला परत घ्यावंसं वाटतं. लुगड्यांचं खोटं घाबरून बोललो होतो. हे मी घाबरलेला नसताना बोललो. मी वेल मुळासकट काढली. मूळ कापलं गेलं तिथं आतून हिरवट, ओलं होतं. मी ते बघितलं आणि खड्डा बुजवला.

चैत्रात जास्वंद फुटली. पपई फुटली, जी मेलीच असं मी धरून चाललो होतो. क्रोटनच्या बुडातून लाल पानं आली. मावशींनी सांगितलं होतं तसंच. पांगाऱ्याच्या बुडाशी तेवढी मोकळी माती होती. बायकोनं खिडकीकडं पाठ करून झोपायला सुरुवात केली ती त्याच दिवसांत. कूस दुखते म्हणाली.

मावशी यायच्या थांबल्या होत्या. म्हणजे कुंपणावरून विचारायच्या, "वहिनी बऱ्या हायत का?" आणि मी "बऱ्या आहेत" म्हणायचो, पण ओट्यावर येऊन बसणं थांबलं. बायकोनं बोलावलं नाही. ती दुखावली होती आणि आपण दुखावलेलो असताना मावशी समजूत काढायला येत नाहीत, हे तिला जास्त दुखत होतं. तिला सगळ्यात जवळची असलेली बाई तिच्यापासून वीस पावलांवर होती. मधे फक्त मी होतो.

उन्हाळ्यात एका सकाळी बायकोनं मला खिडकीशी बोलावलं. समोरच्या उतारावर मावशी कोयता घेऊन डहाळ्या तोडत होत्या. गुडघे गेलेले, एक पाऊल टाकायचं, थांबायचं. भारा डोक्यावर घेताना दोनदा बसल्या.

"या वयात परत राब गोळा करतायत," बायको म्हणाली. "केवढा ढीग होता त्यांचा. कुठं गेला?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला काही कळलं होतं का? मला वाटतं, ती वेळोवेळी खऱ्या गोष्टीच्या दारापर्यंत यायची आणि आत पाऊल टाकायची नाही. कारण आत मी होतो आणि तिला उरलेले दिवस माझ्याच हातून पाणी प्यायचं होतं.

आषाढात तिची तब्येत उतरायला लागली. हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. एक दिवस म्हणाली, "मावशींना बोलवा ना. मी त्या दिवशी फार बोलले. चार लुगड्यांसाठी. मला त्यांची माफी मागायचीय."

तिला माफी मागायची होती. तिला.

मी म्हणालो, आवणी चालू आहे, चिखलात आहेत त्या, उरकू दे. आवणी खरंच चालू होती. पाऊस कोसळत होता आणि मावशी त्यांच्या खाचरात वाकून रोपं लावत होत्या. खिडकी उघडून हाक मारली असती तर पाच मिनिटांत आल्या असत्या, चिखलाच्या पायांनी. त्या दोघी पाच मिनिटं बोलल्या असत्या तर माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून मी खिडकी लावून घेतली. पाऊस आत येतोय म्हणालो.

तिनं पुन्हा दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी "आल्या का?" एवढंच. मी म्हणालो, निरोप दिलाय.

निरोप दिला नव्हता. श्रावण लागल्यावर आठवड्याच्या आत ती गेली.

त्या दिवशी अंगणात माणसं होती, अक्का होती. मावशी घरात आल्या नाहीत. सगळे तिला घेऊन ओढ्याकडं गेल्यावर त्या येऊन खिडकीबाहेरच्या ओट्यावर, त्यांच्या जागी बसल्या होत्या, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. पावसात बसल्या होत्या म्हणे.

त्यानंतर मी पाच-सहा वेळा तरी त्यांच्या घरी गेलो, सांगायचं ठरवून. रस्त्यात वाक्य जुळवायचो. त्या कोरा चहा करायच्या. मी भाताचं विचारायचो, पंप बिघडल्याचं सांगायचो. एकदा चहा संपला तरी मी उठलो नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "बोला की, भाऊ." साधं म्हणाल्या, चहा घ्या म्हणावं तसं. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जागा करून दिली होती.

मी म्हणालो, यंदा थंडी लवकर पडणार असं दिसतंय.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पडंल."

आणि त्या हिवाळ्यात, वारा पडला त्या संध्याकाळी, त्यांनी मला कुंपणावरून हाक मारून जास्वंदीवर कापड घालायला लावलं.

पुढं गुडघ्यांनी फारच जेर केलं, तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना पिंपरीला घेऊन गेला. खाचर दुसऱ्यानं कसायला घेतलं. मी दोनदा पिंपरीला जायला निघालो आणि दोन्ही वेळा तळेगाववरून परत आलो. मागच्या दिवाळीनंतर त्या गेल्या. मला आठ दिवसांनी कळलं.

गावातल्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी गेलो. त्यांच्या मुलानं मला पुढं बसवलं. म्हणाला, आईचे जुने शेजारी आहेत, यांनी दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो. समोर त्यांच्या सुना, नातवंडं, गावातली माणसं. मुलगा माझ्याकडं इतक्या विश्वासानं बघत होता की त्याला या गोष्टीतलं काहीही ठाऊक नाही, हे मला तिथंच कळलं. मावशींनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. गावात त्या काळी अक्काच्या तोंडून जे पसरलं ते मात्र पसरलं होतंच. त्या बाईचा हात लागला म्हणून वेल जळली, असं गावठाणातल्या दोन-चार घरांत अजून बोललं जातं. मी ते ऐकलंय. ऐकून घेतलंय.

ते खोटं आहे, हे सांगायला ती जागा होती. सगळे समोर होते. मी म्हणालो, मावशी फार जाणत्या होत्या, थंडीचं त्यांना जेवढं कळायचं तेवढं कुणाला कळत नव्हतं, त्यांनी आम्हाला बाग राखायला शिकवलं. लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसलो. मुलानं माझे हात धरले आणि आभार मानले.

आता माझ्या छातीतही बायकोचंच दुखणं निघालंय. म्हणून हे लिहून काढलं. पहिली प्रत मावशींच्या मुलाकडं पाठवली आहे आणि दुसरी अक्काच्या मुलाकडं. अक्का आता नाही. पण ज्या दोघींना सांगायचं होतं त्या वाचणार नाहीत, हे मला समजतंय.

मावशी, तुमची लुगडी मी काढली. अक्काला ती तुमची म्हणून सांगायची मला लाज वाटली आणि त्या लाजेची मला तेव्हा लाज वाटली नाही. तुम्ही हाक मारून सांगितलंत, तरी मी उठलो नाही. तुमचा राब आमच्यासाठी गेला आणि तुम्हालाच मी दोषी ठरवलं. वहिनीला तुमची माफी मागायची होती, ती मी मागू दिली नाही. तुम्ही "बोला की" म्हणालात तेव्हा मला जे बोलायचं होतं ते हे. मला माफ करा. आणि अगं, तू तीन वेळा विचारलंस. मी त्यांना बोलावलंच नव्हतं.